खुलासा: वारंवारता सरकली म्हणजे रेणू ओळखला, असे नाही

"मेटामटेरियलच्या चिपवर एक थेंब टाका, वारंवारता किती सरकली ते बघा, सेंद्रिय रेणू कोणता ते कळते," असा दावा फिरतो आहे. तो दिशाभूल करणारा आहे. अशा चिपवर धातूची अतिसूक्ष्म, फट असलेली कडी (रेझोनेटर) ओळीने बसवलेली असतात; एका ठराविक वारंवारतेच्या लहरींना ती जोरात प्रतिसाद देतात (अनुनाद) आणि आलेखात तिथे दरी दिसते.

रेझोनेटरच्या फटीत साखर, प्रथिन किंवा बोटाचा तेलकट ठसा, काहीही आले तरी तिथला अपवर्तनांक (लहर किती मंदावते त्याचे माप) वाढतो आणि अनुनाद खाली सरकतो. थर जाड झाला तरी तेच. ओळख पटते ती रेणूच्या स्वतःच्या शोषणरेषेवरून, म्हणजे तो जी ठराविक वारंवारता शोषतो तिच्यावरून. म्हणून कड्याचे माप असे ठेवावे लागते की अनुनाद त्या रेषेवरच पडेल: अल्फा-लॅक्टोज मोनोहायड्रेटसाठी ०.५३ टेराहर्ट्झ, प्रथिनांच्या अमाइड-१ या अवरक्त शोषणपट्ट्यासाठी साधारण १६५० प्रति सेंमी. मग आलेखातली दरी उथळ होते किंवा दुभंगते. बघायचे ते हे.

थेंबाचा मुद्दा तर मुळातच चुकीचा. लॅक्टोजची ही रेषा स्फटिकाच्या कंपनाची आहे. पाण्यात विरघळवले की ती जाते. शिवाय पाणी टेराहर्ट्झ लहरी जोरदार शोषते आणि १६४० प्रति सेंमीच्या आसपासचा त्याचा पट्टा अमाइडवरच चढतो. नमुना वाळवूनच मोजा. मोजणीच्या पेटीत कोरडा नायट्रोजन सोडा, कारण हवेतल्या बाष्पाची ०.५५७ टेराहर्ट्झची रेषा लॅक्टोजच्या रेषेच्या अगदी शेजारी आहे.

आणखी एक अडचण सहसा कोणी सांगत नाही. चिपच्या आधाराच्या ५०० मायक्रोमीटर जाड सिलिकॉनमधून टेराहर्ट्झ स्पंदाचा प्रतिध्वनी सुमारे ११ पिकोसेकंदांनी परततो. तो टाळायला तिथे संकेत कापला तर विभेदन (जवळच्या वारंवारता वेगळ्या दिसण्याची मर्यादा) जेमतेम ९० गिगाहर्ट्झ उरते, आणि लॅक्टोजची अरुंद रेषा त्यात पुसली जाते. आधार जाड घ्या.