आज्ञाधारकपणाच्या आरोपाबद्दल: 'स्पष्टवक्ता' यांना उत्तर

स्पष्टवक्ता, नमस्कार.

कॅथलिक शाळांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेल्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायचं नाही असं आधी ठरवलं होतं. पण इतर वाचक तिला 'बिनतोड' म्हणू लागले, तेव्हा गप्प बसवेना. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते.

माझा लेख म्हणजे शाळेचं माहितीपत्रक आहे. "या शाळा मूल्यं शिकवत नाहीत, आज्ञाधारकपणा शिकवतात आणि त्याला मूल्यांचा मुलामा देतात." त्या हुशार मुलं निवडून घेतात आणि मग निकाल मिरवतात. त्या पैसेवाल्यांच्या आहेत. कॅनडात आणि आयर्लंडमध्ये चर्चच्या संस्थांत मुलांवर जे अत्याचार झाले त्याबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. आणि शेवटी, "तुम्ही तिथे शिकलात, म्हणून अजून सिस्टरची शाबासकी मिळवायला लिहिताय. स्वतःच्या मुलीला कुठल्या शाळेत घातलंत तेही सांगा."

आधी सुराबद्दल बोलते, कारण मला लागलं ते तिथेच. मी लेखात चार संस्थापकांचा इतिहास मांडला होता. त्यातल्या एकावरही तुम्ही बोट ठेवलं नाहीत. मुद्दा सोडून थेट माझ्या लहानपणात शिरलात आणि तिथून माझा हेतू शोधून आणलात. जिला तुम्ही कधी भेटलेला नाही, तिच्या मनात काय चाललंय याची एवढी खात्री तुम्हाला कुठून आली? मतभेदाला माझी ना नाही. पण 'शाबासकी मिळवायला लिहिताय' हा मतभेद नाही, तो समोरच्याला लहान मूल ठरवून गप्प करण्याचा प्रकार आहे. आज्ञाधारकपणावर एवढा राग असणाऱ्या माणसाने तो वापरावा याचं मला वाईट वाटलं.

तुमची एक गोष्ट मान्य. माझ्या लेखात पालकांबद्दल जवळजवळ काहीच नव्हतं, हे तुम्ही बरोबर पकडलंत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1965 साली शिक्षणावर जे घोषणापत्र काढलं, त्यातही मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडीलच आहेत असं स्पष्ट म्हटलंय. तो धागा लेखात यायला हवा होता.

आता ते आज्ञाधारकपणाचं वाक्य. बाकी सगळं सोडून मी यावरच जास्त बोलणार आहे, कारण हे एक वाक्य खरं मानलं तर हजारो बायकांनी आणि पुरुषांनी वर्गात घालवलेली आयुष्यं फुकट गेली असं म्हणावं लागेल.

ज्यांनी या शाळा काढल्या ती माणसं कशी होती ते बघा. जोसेफ कालासान्झ यांनी 1597 साली रोममधल्या त्रास्तेव्हेरे या गरीब वस्तीत, एका चर्चच्या खोल्यांमध्ये, फुकट शाळा सुरू केली. गरिबाच्या पोराला लिहायला, वाचायला आणि हिशेब करायला शिकवायचं, हे तेव्हा पुष्कळांना खपलं नाही. म्हातारपणी त्यांना धर्मन्यायालयाच्या माणसांनी पकडून रस्त्यातून नेलं, आणि 1646 साली पोपनेच त्यांनी शिकवण्यासाठी काढलेल्या धर्मसंघाचा दर्जा काढून घेतला. दोन वर्षांनी ते वारले तेव्हा संघ मोडकळीलाच आलेला होता. तो पुन्हा उभा राहिला तो त्यांच्या मृत्यूनंतर.

मेरी वॉर्ड यांचं उदाहरण तर मी लेखात सविस्तर दिलं होतं. मठाच्या भिंतीआड न राहता बाहेर पडून मुलींना शिकवणाऱ्या बायकांचा संघ त्यांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला काढला. 1631 साली पोपच्या हुकुमाने तो बंद झाला आणि त्यांना म्युनिकमधल्या एका मठात कोंडून ठेवलं गेलं. तिथून त्या आपल्या सहकारी बायकांना लिंबाच्या रसाने पत्रं लिहायच्या. कागद गरम केल्याशिवाय अक्षरं दिसायची नाहीत. संघाची संस्थापिका म्हणून त्यांचं नाव घ्यायला रोमने परवानगी दिली ती 1909 साली. ऑस्ट्रेलियात गरीब मुलांसाठी शाळा काढणाऱ्या मेरी मॅकिलॉप यांना 1871 साली त्यांच्याच बिशपने धर्मबहिष्कृत केलं. पुढच्याच वर्षी तो हुकूम मागे घ्यावा लागला. आज त्या संत आहेत.

मी ही नावं तुम्हाला दिपवायला घेत नाही. माझा प्रश्न साधा आहे. ज्या परंपरेच्या मुळाशी अशी माणसं आहेत, तिचा गाभा 'सांगितलं तेवढं कर' हा आहे असं तुम्ही कशाच्या आधारावर म्हणता? या माणसांना आज्ञापालन ठाऊक होतं, ते त्यांच्या व्रतातच होतं. पण ज्याची आज्ञा पाळायची तो चुकतोय असं दिसल्यावर काय करायचं, हेही त्यांनी जगून दाखवलं. मुलांपुढे शिक्षकाचं जगणं असतं. तास त्यानंतर येतो.

आणि शिस्तीबद्दल म्हणाल, तर एकोणिसाव्या शतकातल्या इटलीचे धर्मगुरू डॉन बॉस्को यांच्याकडे बघा. तुरिनमध्ये कारखान्यांच्या आणि तुरुंगांच्या आसपास भटकणारी पोरं त्यांनी गोळा केली. 1877 साली त्यांनी आपल्या पद्धतीवर एक छोटा निबंध लिहिला. दडपून ठेवण्याची पद्धत एक आणि आधीच सांभाळून घेण्याची दुसरी, असा फरक त्यांनी त्यात केलाय, आणि दुसरीचे तीन आधार सांगितलेत: विवेक, धर्म आणि माया. त्याच्या आधी, 1852 साली, एका सुताराकडे शिकाऊ म्हणून राहणाऱ्या मुलासाठी त्यांनी करारपत्र केलं होतं. मालकाने मुलाला सुधारायचं ते शब्दांनी, मारून नाही; सुटीच्या दिवशी त्याला मोकळं सोडायचं; मजुरी ठरल्याप्रमाणे द्यायची. एका धर्मगुरूने पोराच्या वतीने मालकाकडून लिहून घेतलेला हा कागद आहे. गुलाम तयार करणारी माणसं असले कागद करत नाहीत.

तुम्ही म्हणाल, हा सगळा इतिहास झाला. आजच्या वर्गात काय चालतं? तिथे मी स्वतःला साक्षीला उभी करते. तुम्ही माझ्या लहानपणात शिरलाच आहात, तर नीट आत या.

मी कॅथलिक नाही, कधी नव्हते. शाळेत कॅथलिक मुलींचा धर्मशिक्षणाचा तास असायचा तेव्हा आम्हा बाकीच्यांचा मूल्यशिक्षणाचा तास व्हायचा. घरात मोठं आजारपण चालू होतं त्या वर्षी मी त्या वहीत रागाने लिहिलं की देव नाही, आणि असलाच तर तो अन्यायी आहे. मला वाटलं, आता ऑफिसात बोलावणार. वही परत आली तेव्हा खाली सिस्टरांच्या अक्षरात एकच ओळ होती: "अन्याय कशाला म्हणायचं हे तू कशावरून ठरवलंस?" मी पानभर उत्तर लिहिलं. त्यांनी त्याखाली पुढचा प्रश्न लिहिला. असं वर्षभर चाललं. त्यांनी मला देव पटवून द्यायचा प्रयत्न केला नाही. माझ्या घरी काय चाललंय ते त्यांना माहीत होतं, आणि त्याबद्दलही त्यांनी वहीत कधी लिहिलं नाही. त्या घरी येऊन आईजवळ बसून जायच्या. वाद घालायला मी तिथे शिकले. आज तुमच्याशी घालतेय तोही त्याच वहीतून आलेला आहे.

पुढे मी तशाच एका शाळेत बरीच वर्षं शिकवलं. तिथे काय दिसलं ते सांगते, कारण या गोष्टी माहितीपत्रकात नसतात. कोणाची फी माफ आहे याची नोंद मुख्याध्यापिकांच्या कपाटात असायची आणि ती वर्गशिक्षिकेलाही दाखवायची नाही असा दंडक होता. मी एकदा चिडून विचारलं, माझ्याच वर्गातल्या मुलींची माहिती मला का नाही? त्या म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यांत फरक पडेल म्हणून." मला राग आला होता. मी चांगली शिक्षिका होते, माझ्या डोळ्यांत फरक पडला नसता असं मला वाटायचं. पण नंतर ज्या शाळांमध्ये ती यादी सगळ्यांच्या हातात होती, तिथे मुलींना कसं बोललं जातं ते मी पाहिलं. म्हणून तो दंडक का आहे हे मला कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही. याला तुम्ही मुलामा म्हणणार?

समाजातल्या भूमिकेबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही, आणि माझा अर्धा लेख त्यावर होता. व्हेनेझुएलात कराकसच्या एका गरीब वस्तीत 1955 साली 'फे इ आलेग्रिया' हे काम सुरू झालं. फादर होसे मारिया वेलास यांच्याकडे जागा नव्हती. अब्राहम रेयेस नावाच्या गवंड्याने स्वतः बांधलेलं राहतं घर शाळेला दिलं. मुलं जमिनीवर बसून शिकली. डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे आमचं काम सुरू होतं, असं त्या संस्थेत म्हणतात, आणि आज ती अनेक देशांत पसरलेली आहे. शाळा वस्तीची कशी होते ते यातून दिसतं. ज्याने घर दिलं त्याचं तिच्यावर फादरांइतकंच चालत असणार.

कोलकात्यात सियालदाच्या लोरेटो शाळेत सिस्टर सिरिल मूनी यांनी रस्त्यावर राहणाऱ्या मुलींसाठी शाळेचं दार उघडलं, आणि त्यांना शिकवायचं काम शाळेतल्याच नियमित विद्यार्थिनींना दिलं, तेही शाळेच्या वेळापत्रकात बसवून. फी भरणारी मुलगी आणि स्टेशनवर झोपणारी मुलगी पाटी-पुस्तक घेऊन समोरासमोर बसल्या. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये आर्चबिशप रिटर यांनी 1947 साली आपल्या शाळांतून गोऱ्या-काळ्यांची वेगवेगळी सोय बंद केली. काही गोरे पालक कोर्टात जायला निघाले, तेव्हा धर्मबहिष्काराचा इशारा देऊन त्यांना थांबवलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल आला 1954 साली, म्हणजे सात वर्षांनी. आज्ञाधारक शाळेने फी देणाऱ्या पालकांचं ऐकलं असतं, नाही का?

बाकीचे मुद्दे चटकन संपवते. मुलं निवडून घेतात हा आक्षेप अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या शाळांवरच्या अभ्यासावर 1980 च्या दशकातच घेतला गेला, आणि त्यावर संशोधकांचं भांडण पुष्कळ झालंय. कोलमन यांना कॅथलिक शाळांतून मुलं मध्येच शिक्षण सोडून जाण्याचं प्रमाण कमी दिसलं. त्याचं कारण त्यांनी शाळेभोवतीच्या माणसांच्या एकमेकांशी असलेल्या ओळखीत शोधलं. मला ते पटतं, तुम्हाला पटत नसेल तर राहू दे.

पैसेवाल्यांच्या शाळा? व्हॅटिकनच्या शिक्षणविभागाने 1977 साली स्वतःच लिहून ठेवलंय की कॅथलिक शाळा मुख्यतः श्रीमंतांकडे वळल्या तर त्या अन्यायी समाजरचना टिकवायला हातभार लावतील. येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या संघाचे, प्रमुख पेद्रो आरुपे यांनी त्याआधी, 1973 साली, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात आपल्याच माजी विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं की आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं नाही. समोर बसलेल्यांतले काही जण त्यावर भडकले. तुमची टीका या दोघांच्या टीकेपेक्षा सौम्य आहे आणि उशिरा आलेली आहे.

कॅनडाच्या निवासी शाळांमध्ये आणि आयर्लंडच्या संस्थांमध्ये मुलांवर जे झालं ते गुन्हे होते. पोप फ्रान्सिस 2022 साली कॅनडात जाऊन क्षमा मागून आले. मी त्या गुन्ह्यांचं समर्थन केलेलं नाही, करणारही नाही. पण माझा लेख वस्तीतल्या दिवसशाळांबद्दल होता, आणि प्रत्येक लेखात प्रत्येक गोष्ट आलीच पाहिजे असा हट्ट असेल तर कोणी काहीच लिहू शकणार नाही. त्यावर वेगळं लिहिलं पाहिजे, एवढंच म्हणते.

राहिला माझ्या मुलीचा प्रश्न. तो तुम्ही विचारायला नको होता; ती या वादात कुठेही नाही. पण लपवण्यासारखं काही नाही म्हणून सांगते. ती अशाच शाळेत शिकली, पूर्ण फी भरून. ती तिथल्या मुख्याध्यापिकांशी गणवेशावरून भांडली आणि तो बदलून घेतला. आज तिला माझी निम्मी मतं पटत नाहीत.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहिलंत तर कालासान्झ, वॉर्ड, बॉस्को यांच्यापैकी कोणाबद्दल माझं काय चुकलं ते लिहा, मी वाचेन आणि उत्तर देईन. माझ्या हेतूंबद्दल लिहिलंत तर उत्तर येणार नाही.