मावशीच्या गोळ्या बंद करणारा मेसेज

रविवारी कोथरूडला मावशीकडे गेलो, तर औषधांच्या डब्यातली प्रेडनिसोलोनची, म्हणजे तिच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांची, पट्टी बुधवारपासून फोडलेलीच नव्हती. ओट्यावर फुलपात्रात काळपट काढा झाकून ठेवलेला. मावशीला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा. गोळ्या का थांबवल्या विचारलं, तर तिनं भजनी मंडळाच्या ग्रुपवरचा मेसेज दाखवला. त्याच आठवड्यात तो मला आणखी दोघांनी पाठवला होता.

मेसेज म्हणतो: ७० टक्के प्रतिकारशक्ती पोटात असते. ती कमजोर झाली की आतड्याला सूज येते. डॉक्टरांच्या गोळ्या ती आणखी मारतात, त्या आजच बंद करा. २१ दिवस गुळवेलीचा काढा घ्या आणि एरंडेलानं आतडं धुऊन काढा.

७० टक्के कुणी मोजले ते मेसेजमध्ये नाही. पण शरीरातल्या प्रतिकारक पेशींचा मोठा वाटा आतड्यात असतो हे खरं. तेवढं मान्य.

पुढचं वाक्य मात्र साफ उलटं आहे, आणि सगळा घोळ तिथेच आहे. आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. त्यांच्या आणि आपल्या मधे थोडा चिकट थर आणि एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर. त्याखालच्या पहारेकरी पेशी प्रत्येक जिवाणूवर, भाकरीच्या प्रत्येक घासावर तुटून पडल्या तर आतडं सोलवटून निघेल. म्हणून तिथे आवरणाऱ्या पेशीही असतात, त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. त्या इंटरल्युकिन-१० सारखे रेणू सोडून बाकीच्यांना शांत ठेवतात. १९९३ साली हा रेणू बनवूच न शकणारे उंदीर प्रयोगशाळेत तयार केले, तर त्यांच्या आतड्यांना जुनाट सूज आली. त्यांची प्रतिकारशक्ती कमी नव्हती, तिला लगाम नव्हता.

हे माझ्या मनचं नाही. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल याच लगामाच्या शोधाला मिळालं. शिमोन साकागुची यांनी १९९५ साली या पेशी वेगळ्या ओळखून दाखवल्या. मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ साली फॉक्सपी-३ या जनुकातला बिघाड शोधला. पुढे कळलं की या पेशी घडतात त्या याच जनुकामुळे. ते बिघडलेलं असलं तर मुलग्यांना तान्हेपणीच न थांबणारे जुलाब लागतात, अंगावर चट्टे उठतात, मधुमेहही होतो. अशा बाळाची प्रतिकारशक्ती वाढवायची? डॉक्टर ती औषधांनी दाबतात, कारण तीच बाळाच्या अंगावर उलटलेली असते. मावशीचा आजार इतका सरळ एका जनुकाचा नाही, पण तोल तिथेही याच बाजूला गेलेला आहे.

आता गोळ्या. स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतात, त्यामुळे संसर्गाचा धोका वाढतो, हे खरं आहे. म्हणूनच डॉक्टर डोस उतरवत नेतात, पण हळूहळू. कारण कित्येक आठवडे स्टेरॉइड घेतलं की शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे अंगातलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं मंदावतं. गोळी एकदम तोडली तर रक्तदाब कोसळू शकतो, जिवावर बेतू शकतं. 'आजच बंद करा' असं लिहिणाऱ्याला हे माहीत नव्हतं, की माहीत असून लिहिलं? दोन्ही तितकंच वाईट.

काढ्याचं म्हणाल तर २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. पण ज्या बाईची प्रतिकारशक्ती आधीच बेलगाम आहे तिला हा काढा विचारल्याशिवाय द्यायचा नाही, एवढं कळायला तो वाद मिटायची गरज नाही. आणि रक्त पडणाऱ्या आतड्याला एरंडेल? त्यावर काय बोलणार!

मेसेजच्या शेवटी 'तंतुमय खा' असंही आहे. त्यात तथ्य आहे. तंतू आंबवून जिवाणू ब्युटिरेट बनवतात, आणि त्यानं नियामक पेशी वाढतात असं २०१३ साली उंदरांमध्ये दिसलं. पण आजार उसळलेला असताना काय खायचं ते मावशीचे डॉक्टर ठरवतील.

त्यांना तिथूनच फोन लावला. त्यांनी गोळी पुन्हा कशी सुरू करायची ते सांगितलं आणि सोमवारी सकाळी तपासायला बोलावलं. काढा मावशीनं स्वतःच मोरीत ओतला. मेसेज ग्रुपवर अजून तसाच आहे. ज्या काकूंनी तो टाकला त्यांना मी फोन केलाय, आणि आज हे सगळं त्याच्याखाली टाकतोय.