ज्युबिलीची सुट्टी त्यांना, बिल आम्हाला

डोकं फिरलंय माझं. चार दिवस झाले, जो भेटेल तो विचारतोय, "मग, ज्युबिलीच्या सुट्टीत काय केलं?" कसली सुट्टी? कुणाला होती सुट्टी?

ब्रिटनच्या एलिझाबेथ राणीला गादीवर बसून ७० वर्षं झाली म्हणून सरकारने मेअखेरच्या सोमवारची सुट्टी उचलून गुरुवारी, २ जून २०२२ ला नेली आणि ३ जूनची शुक्रवारची एक वाढवून दिली. टीव्हीवर नुसता गजर, अख्ख्या देशाला सलग चार दिवस सुट्टी! मी लंडनमध्ये एका केअर होममध्ये काम करते. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना गुरुवारीही अंघोळ घालावी लागते, शुक्रवारीही गोळ्या द्याव्या लागतात. आणि इथे बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी, सुट्टी मिळायलाच हवी असा कायदा नाही, जे काही असेल ते तुमच्या करारात. माझ्या करारात वर्षाला २८ दिवस, बँक हॉलिडे धरून. म्हणजे देशाचा एक दिवस वाढला, माझी रजा होती तेवढीच राहिली. दोन्ही दिवस सकाळी सातची शिफ्ट केली मी.

तेही केलं असतं मुकाट्याने. पण धाकटीची नर्सरी दोन्ही दिवस बंद, आणि फी मात्र पूर्ण! दिवसाचे ७० पौंड. दोन दिवसांचे १४०, दार कुलूपबंद ठेवण्याचे. मी विचारायला गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, करारात लिहिलंय. लिहिलं असेल हो, पण मला तासाला साडेनऊ पौंड मिळतात. चौदा-पंधरा तास उभं राहून कमावलेले पैसे आहेत ते. थोरल्याची हाफ टर्म, म्हणजे शाळेची सत्राच्या मधली सुट्टी, तोही घरीच. मग नवरा घरी राहिला. तो गोदामात एजन्सीतर्फे जातो, शिफ्ट नाही तर पैसे नाहीत. त्याचे दोन दिवस बुडाले ते वेगळेच. एप्रिल २०२२ मध्ये गॅस-विजेच्या दरांची कमाल मर्यादा ५४ टक्क्यांनी वाढली, महागाई ९ टक्क्यांवर गेली, आणि अशा वर्षी आम्ही दोन दिवसांची मजुरी घालवून उत्सवाला हातभार लावायचा?

आमच्या होममध्येही पार्टी झाली. बुधवारी शिफ्ट संपल्यावर थांबून पताका मीच लावल्या. एका आजींनी १९५३ चा राज्याभिषेक शेजाऱ्यांच्या टीव्हीवर कसा पाहिला ते मला तीनदा सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून. त्यांच्या आनंदावर माझा काडीचाही राग नाही. त्यांच्या डोक्यावर कागदी मुकुट मीच ठेवला. राग आहे तो ज्यांनी सुट्टी जाहीर केली आणि त्या दिवशी कामावर जाणाऱ्यांची पोरं कोण सांभाळणार याचा क्षणभरही विचार केला नाही, त्यांच्यावर.

रात्री आईचा फोन. "अगं, राणीला बघितलंस का? आम्ही टीव्हीवर बघितलं." आई पुण्यात औंधला राहते. कॉलेजची सगळी वर्षं मी गणेशखिंडीतून गेले. आत्ता जिथे विद्यापीठ आहे तिथे गव्हर्नरचा बंगला होता, आणि २२ जून १८९७ च्या रात्री तिथे व्हिक्टोरिया राणीच्या ६० वर्षांचा सोहळा झाला. त्या वर्षी पुण्यात प्लेगने माणसं मरत होती, घराघरांत सोजीर घुसत होते. तिथून परतताना रँड आणि आयर्स्टवर चापेकरांनी गोळ्या झाडल्या. प्लेगची आणि माझ्या नर्सरीच्या फीची बरोबरी मी करत नाहीये, तेवढी अक्कल आहे मला. पण शाळेत हे शिकताना त्या रात्रीच्या रोषणाईची जी चीड यायची, ती परवा शिफ्टवरून पाय ओढत घरी येताना, खांबाखांबावरच्या पताका बघून पुन्हा आली. आईला म्हटलं, "नाही गं, वेळ नाही मिळाला." तिला काय सांगू?

आणि आज थोरल्याच्या शाळेची ईमेल पुन्हा उघडून वाचली. शुक्रवारची ज्युबिलीची सुट्टी हाफ टर्ममध्येच पडली, मुलांचा आणि शिक्षकांचा तो दिवस वाया जाऊ नये, म्हणून जुलैत आणखी एक दिवस शाळा बंद ठेवणार. माझा जुलैचा रोटा, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक, लागलाय. त्या दिवशी माझी सकाळची शिफ्ट आहे, नर्सरी फक्त धाकटीला घेते, आणि नवरा आणखी एक दिवस घरी बसला तर भाड्याला पैसे कमी पडतील. सात वर्षांचं पोर कुठे ठेवू मी त्या दिवशी?