‘कियारा’ संस्कृत नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही

भाचीच्या बारशाची पत्रिका छापायची होती. नाव ठरलं होतं, कियारा. खाली अर्थ काय लिहायचा, तर वहिनीने फोनवर आलेला मजकूर पुढे केला: कियारा हे प्राचीन संस्कृत नाव, ‘किरण’ शब्दापासून आलेलं, अर्थ सूर्याचं पहिलं किरण, लक्ष्मीचंही हे एक नाव, आपल्याकडे पूर्वापार प्रचलित. हाच मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरतो. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. जे सांगायचं ते खरं असावं, म्हणून हे लिहिते आहे.

पहिला दावा ‘किरण’चा. किरण हा शब्द ‘कॄ’ म्हणजे पसरणे, विखुरणे या धातूपासून येतो. त्यातला ‘रण’ जाऊन ‘यारा’ कसा येईल? असा बदल संस्कृतातून प्राकृतात किंवा मराठीत येताना झालेला दिसत नाही. काही जण ‘कि’ म्हणजे किरण आणि ‘यारा’ म्हणजे सखी अशी फोड करतात. पण ‘यार’ हा शब्द फारसीतून आलेला आहे. त्यावर प्राचीन संस्कृत नाव कसं उभं राहणार? संस्कृत कोशात या जागी ‘कियत्’ सापडतो, म्हणजे किती. त्याच्या शेजारी ‘कियाह’, म्हणजे तांबूस रंगाचा घोडा. पुढे ‘किर’, म्हणजे डुक्कर. कियारा नाही.

लक्ष्मीच्या अष्टोत्तरशत नामावलीतही हे नाव नाही. ती नामावली घराघरांत आहे, शुक्रवारी वाचलीही जाते. पाच मिनिटांत खात्री होईल.

मग नाव आलं कुठून? इटलीतून. तिथे ते ‘कियारा’ असंच उच्चारतात आणि मूळ आहे लॅटिन ‘क्लारुस’, म्हणजे स्वच्छ, तेजस्वी, ख्यातनाम. लॅटिन शब्दाच्या सुरुवातीचा ‘क्ल’ इटालियनमध्ये ‘किय’ होतो. किल्ली या अर्थाचा लॅटिन ‘क्लाविस’ तिकडे ‘कियावे’ झाला, हाक मारणे या अर्थाचा ‘क्लामारे’ झाला ‘कियामारे’. तसाच ‘क्लारा’चा कियारा. शब्द असा नियमाने बदलत गेलेला दाखवता आला, की व्युत्पत्तीवर विश्वास बसतो. ‘किरण’वाल्या दाव्याकडे नेमकं तेवढंच नाही.

इटलीत हे नाव रुजलं ते असिसीच्या संत क्लारामुळे. जन्म 1194, मृत्यू 1253. खानदानी घरातली ही मुलगी तरुणपणी घर सोडून संत फ्रान्सिसच्या मार्गाला लागली आणि तिने स्त्रियांचा संन्यासिनी संघ उभा केला. इटालियन लोक तिला सांता कियारा म्हणतात. आपल्या गोव्यातल्या, वसईतल्या ख्रिस्ती घरांत क्लारा नावाची एखादी आजी असते. तिचं आणि आजच्या कियाराचं नाव मुळात एकच. मला स्वतःला हे नातं किरणापेक्षा कितीतरी जास्त आवडलं.

मूळ कुठलंही असो, ‘अर्थ प्रकाशच, यात वाद नाही’ असंही काही जण म्हणतात. तेही सरसकट खरं नाही. आयर्लंडमध्ये ‘कियारान’ या नावाचं स्त्रीरूप आहे, त्याचा मूळ उच्चार साधारण ‘कीरा’, आणि त्यातल्या ‘कियार’चा अर्थ काळा, सावळा. इंग्रजी लिपीत दोन्ही नावांची अक्षरं जवळजवळ सारखीच पडतात, म्हणून बाळांच्या नावांच्या याद्यांमध्ये त्यांची खिचडी होते. एक उजळ, दुसरं सावळं. दोन्ही सुंदर, पण दोन वेगळी नावं.

‘पूर्वापार प्रचलित’ म्हणणाऱ्यांनी आपल्या पणजीच्या पिढीतली एक कियारा शोधून दाखवावी. मोठ्या पडद्यावर 2010च्या ‘अंजाना अंजानी’त प्रियांका चोप्राच्या पात्राचं नाव कियारा होतं. अभिनेत्री कियारा अडवाणीचं मूळ नाव आलिया. पडद्यावरचं नाव आपण त्या पात्रावरून घेतलं असं तिने स्वतः सांगितलेलं आहे. तिचा पहिला चित्रपट आला 2014मध्ये. त्याआधी, 1998 साली, ‘द लायन किंग’च्या दुसऱ्या भागात सिंबाच्या लेकीचं नाव कियारा होतं, म्हणजे कार्टून बघत वाढलेल्यांच्या कानावर ते पडलेलं होतंच.

बाकी कारणं आपल्याच घरातली. मृगशीर्षाच्या चौथ्या चरणाचं अक्षर ‘की’ येतं. त्यावरून मुलीचं नाव शोधायला बसलं की कीर्ती, किरण, किशोरी, किन्नरी इथे यादी आटोपते, आणि नव्या आईबापांना त्यातलं एकही नको असतं. शिवाय नाव तीन अक्षरी, शेवटी ‘आ’, परदेशातल्या शाळेतही कोणी अडखळत नाही. फक्त किआरा, कियारा, क्यारा यांतलं नेमकं काय लिहायचं यावर एकमत नाही. नाव रोमन लिपीतून आणि कानावरून आलं, याची ही खूण.

देशी ओढ असलीच तर एक शब्द सांगते: केदार. पाण्याने भरलेलं शेत. त्यातला ‘द’ झिजून हिंदीत ‘क्यारी’ झाली, म्हणजे फुलांचा वाफा. नाव त्यावरून आलेलं नाही, तसं पत्रिकेत लिहूही नये. पण लेकीला फुलांच्या वाफ्याची आठवण करून देणारं नाव म्हणून घरात लाडाने सांगायला काय हरकत आहे?

पत्रिकेसाठी मी एवढंच लिहून दिलं: ‘कियारा. इटालियन नाव, अर्थ तेजस्वी.’ वहिनीने दोनदा वाचलं आणि छापायला पाठवलं.