माज थांबवणारं इंजेक्शन आणि युरोपचा अर्धा दाखला

मादीची नसबंदी करायची की हार्मोनचं इंजेक्शन देऊन माज थांबवायचा, हा वाद भारतातल्या कुत्रेपालकांत वारंवार निघतो. ऑपरेशन नको म्हणणारे हटकून युरोपचा दाखला देतात. स्वीडनमध्ये बहुतेक माद्यांची नसबंदी होत नाही, हे खरंच आहे. त्याची किंमतही तिथेच मोजली गेली आहे. तिथल्या कुत्र्यांच्या विम्याच्या नोंदींनुसार, वयाची १० वर्षं गाठेपर्यंत २० ते २५ टक्के माद्यांच्या गर्भाशयात पू होतो. याला पायोमेट्रा म्हणतात. दाखला देताना हा आकडा कोणी सांगत नाही, आणि त्याचंच वाईट वाटतं.

माज थांबवायला टोचतात ते मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन प्रोजेस्टेरॉनसारखं काम करतं. त्यामुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, त्यात पाण्याने भरलेल्या पोकळ्या तयार होतात, गर्भाशयाचे स्नायू ढिले पडतात आणि आत शिरलेल्या ई. कोलाय या जिवाणूला आयतं घर मिळतं. स्तनांत गाठी होण्याचा आणि मधुमेहाचा धोका वेगळाच. डेपो, म्हणजे अंगात हळूहळू मुरणारं, इंजेक्शन एकदा गेलं की परत काढता येत नाही, म्हणून निव्वळ सोयीसाठी ते देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

पायोमेट्रावर वापरतात ते अ‍ॅग्लेप्रिस्टोन याच्या अगदी उलट, प्रोजेस्टेरॉनचा परिणाम रोखणारं. मात्रा किलोमागे १० मिलिग्रॅम, कातडीखाली. पहिल्या, दुसऱ्या आणि आठव्या दिवशी, गरज पडल्यास पंधराव्या दिवशीही. द्रावणात मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे १५ किलोच्या मादीला ५ मिलिलिटर. एका जागी याहून जास्त टोचायचं नाही, नंतर जागा हलक्या हाताने चोळायची. तरी सूज आणि दुखणं होऊ शकतं. गरोदर बाईने हे औषध हाताळू नये. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर ते साधारण एक-दोन दिवसांत उघडतं. मग किलोमागे १ मायक्रोग्रॅम क्लोप्रोस्टेनॉल देऊन पू बाहेर ढकलतात. त्याने धाप लागते, उलट्या होतात. सोबत पुवाचं कल्चर (जिवाणू वाढवून केलेली तपासणी) करून निवडलेलं प्रतिजैविक हवंच.

उपचार फसतात ते बहुतेक इथे: पू वाहू लागला, मादी जेवू लागली, की पुढचं इंजेक्शन आणि सोनोग्राफी राहून जाते. पू आत उरतो आणि आजार उलटतो. पूर्ण बरी झालेली मादीसुद्धा पुढच्या माजानंतर पुन्हा आजारी पडू शकते, म्हणून त्याच माजात तिची जोडी लावायचा सल्ला देतात.

म्हणूनच औषधोपचार पिल्लं हवी असलेल्या, तरुण, अजून खाणाऱ्या मादीपुरताच ठेवावा. मूत्रपिंडं बिघडली असतील, ताप उतरत नसेल किंवा गर्भाशय फाटल्याची शंका असेल, तर थांबायला वेळच नसतो. गर्भाशय काढावं लागतं. पिल्लं नकोच असतील तर वेळेवर केलेली नसबंदीच बरी. नसबंदी न करणाऱ्यांनी माज संपल्याची तारीख लिहून ठेवावी. पुढच्या दोन ते दहा आठवड्यांत मादी जास्त पाणी पिऊ लागली किंवा सुस्तावली, तर स्राव दिसायची वाट न पाहता त्याच दिवशी सोनोग्राफी करावी.