चोवीस म्हणजे चोवीस?

आमच्या कुडाळात टेनिस बॉल हवे तेवढे खपतात, पण टेनिस खेळणारा शोधून सापडायचा नाही. पावसाळा सरला, शेतं मोकळी झाली की अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात आणि माझ्या दुकानात हेवी बॉल की लाइट बॉल यावर घासाघीस चालते. रॅकेट मागायला कोणी आलंच तर ती बॅडमिंटनची. वाद घालायला मात्र सगळे तयार. परवा एक कॉलेजचा पोरगा बॉल अंगठ्याने दाबून बघता बघता म्हणाला, "काका, जोकोविच चोवीस, नदाल बावीस, तुमचो फेडरर वीस. इषय संपलो!"

हे आकडे म्हणजे या तिघा टेनिसपटूंनी जिंकलेल्या ग्रँड स्लॅम, टेनिसच्या वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा. बॉलचे पैसे घेतले आणि त्याला जाऊ दिलं. पण विषय काही संपला नाही, म्हणून हे लिहितोय.

नुसत्या ग्रँड स्लॅमच्या संख्येवर मोठेपण ठरवायचं तर जुन्या काळातल्या रॉड लेव्हरचं काय करायचं? 1962 मध्ये त्याने एका वर्षात चारही जिंकल्या, मग तो व्यावसायिक झाला आणि 1963 ते 1967 या स्पर्धांची दारं त्याला बंद. 1968 पासून व्यावसायिकांना प्रवेश मिळाला आणि 1969 मध्ये पठ्ठ्याने पुन्हा चारही जिंकल्या. खात्यात जमा 11. मधली पाच वर्षं कुठल्या रकान्यात लिहिणार? सत्तरच्या दशकातले दिग्गज घ्या: बोर्ग चार स्लॅमपैकी एक असलेली ऑस्ट्रेलियन ओपन आयुष्यात एकदाच खेळला, कॉनर्स दोनदाच. तेव्हा तिकडे जायचा खटाटोप कोणी फारसा करतच नव्हतं. याच कॉनर्सची लहानमोठ्या स्पर्धांतली मिळून 109 विजेतेपदं मात्र पुरुषांत अजून कुणाला गाठता आलेली नाहीत, फेडररही 103 वर थांबला. तो आकडा आमच्या पोरांच्या स्टेटसला कधी दिसत नाही.

आता आमनेसामनेचं बघू. फेडरर-नदाल 40 सामने, त्यात नदाल 24, फेडरर 16. "बघा, फेडररला नदाल कधी जमलाच नाही," असं लोक छातीठोकपणे सांगतात. जरा फोड करून बघा. लाल मातीवर नदाल 14-2. गवतावर फेडरर 3-1, हार्ड कोर्टवर फेडरर 11-9. म्हणजे माती वगळली तर फेडररच पुढे. आणि मातीवर एवढा मार का खाल्ला? कारण तो तिथपर्यंत पोचत होता! पॅरिसला मातीवर होणाऱ्या फ्रेंच ओपनच्या चार फायनल तो नदालकडून हरला. नव्वदच्या दशकातला राजा सॅम्प्रस त्या फायनलला एकदाही पोचला नाही, त्यामुळे तिथे फायनल हरल्याचा डागही त्याला नाही. हरायलासुद्धा आधी शेवटच्या रविवारपर्यंत टिकावं लागतं, हे कुठल्या तक्त्यात दिसतं?

मी फेडररवाला, हे एव्हाना कळलंच असेल. तरीही जोकोविचला मी मानतो, फक्त त्या 24 मुळे नव्हे. पॅरिसमध्ये नदाल 112 सामने जिंकला आणि फक्त चार हरला. त्या चारपैकी दोनदा त्याला हरवलं ते जोकोविचने, 2015 आणि 2021 मध्ये. हे दोन विजय माझ्या लेखी त्याच्या अर्ध्या कपाटापेक्षा जड आहेत. दशावतारात राक्षस तगडा नसेल तर देवाची एंट्री कोण बघणार? या तिघांनी एकमेकांसाठी आळीपाळीने राक्षसाचं काम केलं. एक जरी वीस वर्षं आधी जन्मला असता तर उरलेल्या दोघांचे आकडे फुगले असते आणि खेळ पातळ झाला असता.

14 जुलै 2019 आठवतो? लॉर्ड्सवर वर्ल्ड कपची फायनल आणि त्याच लंडनमध्ये विम्बल्डनची. बाहेर पाऊस कोसळतोय, घरात रिमोटवरून भांडण. तिकडे सुपर ओव्हरही टाय होऊन इंग्लंड चौकारांच्या हिशेबावर जिंकलं. इकडे पाचव्या सेटमध्ये 8-7, सर्व्हिस फेडररची, 40-15, दोन मॅच पॉइंट, म्हणजे त्यातला एक जरी घेतला तरी कप त्याचा. दोन्ही गेले. शेवटी 13-12 ने सेट आणि कप जोकोविचचा. पूर्ण सामन्यात फेडररने 218 पॉइंट घेतले, जोकोविचने 204. गेमसुद्धा फेडररचेच जास्त, 36 विरुद्ध 32. नियम नियमच, तक्रार नाही (थोडी आहे). पण तक्त्यात त्या चार तास सत्तावन्न मिनिटांतलं उरलं काय, तर जोकोविचच्या नावावर 1 आणि फेडररच्या नावावर शून्य.

आता अल्काराझ-सिनरवर हेच सुरू झालंय. 2025 च्या फ्रेंच ओपन फायनलमध्ये सिनरला चौथ्या सेटमध्ये सलग तीन मॅच पॉइंट होते, तरी साडेपाच तासांनी कप अल्काराझने उचलला. पाच आठवड्यांनी विम्बल्डनच्या फायनलमध्ये सिनरने परतफेड केली. पोरं लगेच दोघांचे स्लॅम बोटांवर मोजायला बसली. मोजा. पण मोजून झाल्यावर दुकानात या आणि मला एवढंच सांगा: बोर्ग आणि त्याचा प्रतिस्पर्धी मॅकेन्रो 14 वेळा भिडले, 7-7. यातला मोठा कोण?