नाव शोधायला पाच वर्षं कमी पडली?

आज 21 जून 2022. दिवसभर टीव्हीवर सुरतचं ते हॉटेल बघतोय. शिवसेनेत बंड केलेले एकनाथ शिंदे, त्यांच्यासोबतचे आमदार, पोलीस, पुन्हा शिंदे. या गदारोळात दुपारी खालच्या पट्टीवर बातमी सरकत गेली की राष्ट्रपतिपदासाठी विरोधकांचे उमेदवार यशवंत सिन्हा. रात्री भाजपनं द्रौपदी मुर्मूंचं नाव जाहीर केलं आणि संपलं! माझं डोकं फिरलंय, म्हणून एवढ्या रात्री लिहितोय.

राष्ट्रपती कोविंद यांची मुदत 24 जुलैला संपणार हे 2017 पासून ठाऊक होतं. तरी हे विरोधक एकत्र बसले कधी, तर 15 जूनला, तेही आप आणि तेलंगण राष्ट्र समितीशिवाय. पवारसाहेब नाही म्हणाले. फारूक अब्दुल्लांनी माघार घेतली. काल गोपाळकृष्ण गांधींनी नकार कळवला. मग सिन्हा.

आमच्या गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीत अस्संच झालं होतं. अर्ज भरायचा शेवटचा दिवस, तीनची वेळ, आणि साडेबाराला विरोधी पॅनेलची माणसं आमच्या सोप्यात. "आण्णा, तुम्ही नुसती सही करा, बाकी आम्ही बघतो." वडिलांनी फॉर्म हातात घेतला. सूचकाच्या रकान्यात आधीच्या कुणाचं तरी नाव खोडलेलं होतं. त्यांनी विचारलं, "माझ्या आधी कुणाकुणाकडं जाऊन आलात?" सगळे खाली बघायला लागले.

कुणी म्हणेल, आकडेच नव्हते. हो, नव्हते. पण भाजपकडं तरी निर्भेळ बहुमत कुठं होतं? ओडिशाचे मुख्यमंत्री नवीनबाबू पटनाईक किंवा आंध्रचे जगनमोहन रेड्डी, कुणाची तरी मदत त्यांना लागणारच होती. मे महिन्यातच भुवनेश्वरला जाऊन बसायला कुणी अडवलं होतं? आता उमेदवारच ओडिशाच्या मयूरभंजच्या, संथाळ आदिवासी समाजातल्या, झारखंडच्या माजी राज्यपाल. नवीनबाबू तर गेलेच, उद्या झारखंडचे आदिवासी मुख्यमंत्री हेमंत सोरेन कुठल्या तोंडानं विरोधात मत देणार? निवड जबरदस्त आहे, हे कबूल करावं लागतंय.

आणि हरायचं म्हणून कुणालाही उभं करायचं असतं का हो? 1967 साली विरोधकांनी सरन्यायाधीश सुब्बा रावांना उभं केलं. खुर्ची सोडून आले होते ते. हरले, पण झाकिर हुसेन यांच्या 4 लाख 71 हजारांसमोर 3 लाख 63 हजार मतमूल्य घेऊन (या निवडणुकीत खासदार-आमदारांच्या प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असतं). 1982 ला एच. आर. खन्ना. आणीबाणीत सगळे गप्प असताना एकट्यानं वेगळा निकाल लिहिणारा न्यायाधीश! झैलसिंगांसमोर मोठ्या फरकानं पडले, पण विरोधक कशासाठी उभे आहेत हे त्या एका नावात कळत होतं. सिन्हांच्या नावात काय कळतं? वाजपेयींचे अर्थमंत्री, 2018 पर्यंत भाजपमध्येच.

माणूस वाईट नाही, हेही लिहितो. या वयात सत्तेच्या विरोधात बोलायला छाती लागते. राग त्यांच्यावर नाहीच. त्यांना शेवटी गाठणाऱ्यांवर आहे.

वडिलांनी त्या दिवशी सही केली नाही. फॉर्म परत देताना म्हणाले, "पाडायलाच उभं करताय, तर महिनाभर आधी यायचं होतं. दारोदार जाऊन पडलो असतो." त्यांना हरायची भीती नव्हती, मित्रांनो. लोकांपुढं जायला वेळच मिळणार नाही, याचं वाईट वाटलं होतं.

सिन्हांकडं 18 जुलैच्या मतदानापर्यंतचा वेळ आहे. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य 175. सुरतेला गेलेला प्रत्येक जण तेवढं सोबत घेऊन गेलाय. तरी सिन्हांनी मुंबईला यावं, रांचीला जावं, प्रत्येक विधानसभेच्या गावी जाऊन संविधानाबद्दल बोलावं. मी ऐकायला जाईन.

आणि उपराष्ट्रपतींची मुदत 10 ऑगस्टला संपतेय. त्या नावासाठी उद्या सकाळीच बसा, भाजपच्या घोषणेची वाट बघू नका.